फ्रंट लोड मशीनखाली पाणी येतं, पण फक्त चादरी धुताना. गळती नेमकी कुठून?

ड्राय बाल्कनी

नाशिक, इंदिरानगर, चौथा मजला. फ्रंट लोड मशीन, ७ किलोचं, ६ वर्षं वापरात, वॉरंटी संपलेली. मशीन ड्राय बाल्कनीत बिनचाकांच्या स्टँडवर आहे. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, उन्हाळ्यात त्यात बोअरचंही पाणी मिसळतात.

रोजचे कपडे धुतले की फरशी कोरडी. चादरी, टॉवेल किंवा सोलापुरी चादर टाकली की धुणं संपेपर्यंत मशीनच्या पुढच्या उजव्या पायाजवळ एक-दीड मग पाणी साचलेलं असतं. पाणी किंचित बुळबुळीत लागतं. नळाचा जोड हाताने चाचपला, कोरडा आहे. दाराच्या रबराला कुठे फाटलेलं दिसत नाही. मेकॅनिकने मशीन न उघडताच सांगितलं की आधी दाराचं रबर बदलू, नाही थांबलं तर अख्खा टब बदलू.

पार्ट बदलायच्या आधी गळती कुठून आहे ते घरी कसं ओळखायचं? पान्याची, स्क्रू ड्रायव्हरची कामं मी करू शकते.

पक्कड

ताई, तुम्ही निम्मं काम केलेलंच आहे. पाणी बुळबुळीत लागतं म्हणजे ते साबणाच्या खणातून पुढे गेलेलं पाणी आहे. नळ, मागचा पाइप, इनलेट व्हॉल्व्ह इथून गळलं असतं तर ते स्वच्छ असतं. एवढ्यावरून मशीनची मागची वरची बाजू यादीतून जवळपास बाद होते.

आता वेळ पकडा. मशीनखाली आणि पुढच्या बाजूला जुनी वर्तमानपत्रं पसरा, दोन थरांत. फरशीवर पाणी उताराच्या दिशेला पळतं, त्यामुळे साचलेल्या जागेवरून काही कळत नाही. कागदावर मात्र पहिला थेंब जिथे पडला तिथे गोल डाग राहतो. मग चादरी टाकून समोर बसा आणि घड्याळ बघा.

पाणी भरताना पहिल्या काही मिनिटांतच ओलं झालं तर साबणाचा खण किंवा खणापासून टबाकडे जाणारा जाड रबरी पाइप. ड्रम उलटसुलट फिरताना गळलं तर दाराचं रबर, टबाखालचा बेलो पाइप (टब आणि पंप जोडणारा घड्यांचा रबरी पाइप) किंवा मागचं शाफ्ट सील (ड्रमच्या दांड्याभोवतीचं रबर). मशीन पाणी बाहेर टाकताना गळलं तर पंप, ड्रेन पाइप किंवा नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं सांडपाण्याचं जाळीचं तोंड. फक्त स्पिनच्या जोरात गळलं तर पुन्हा शाफ्ट सील, नाहीतर हादऱ्याने ढिला झालेला एखादा क्लॅम्प (पाइप आवळून धरणारी कडी).

डागाची जागाही लिहून ठेवा. दाराच्या रबराचं पाणी पुढच्या पत्र्याच्या आतून खाली येतं, त्यामुळे डाग अगदी पुढच्या कडेला पडतो. शाफ्ट सीलचं पाणी मागच्या बाजूला मध्यावर पडतं. त्यात गंजाचा तांबूस रंग असतो, स्पिनला घरघर येते आणि दार उघडून ड्रमची वरची कड वर उचलली की ती खटखट हलते. तसं नसेल तर टब बदलायचा विषयच नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. तपासणी सोडून बाकी कुठल्याही कामाला हात लावायच्या आधी प्लग बाहेर काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. फरशी ओली असताना मशीनच्या पत्र्याला अनवाणी हात लावायचा नाही. सॉकेट १६ अँपिअरचं, अर्थिंग असलेलं आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर उत्तम. नसेल तर बसवून घ्या, ड्राय बाल्कनीत पावसाचे तुषारही येतात.

नळजोड

पक्कडशी सहमत. पण मशीन उघडण्याआधी नहाणी ट्रॅप बघाच. ड्राय बाल्कनीतल्या ‘गळती’त ट्रॅपचा वाटा मोठा असतो. मशीनचा पंप एका दमात पुष्कळ पाणी टाकतो. ट्रॅपच्या जाळीखाली लिंट (कपड्यांचे सुटलेले तंतू), केस आणि साबणाचा साका बसला असेल तर तेवढं पाणी उतरत नाही, उसळून मशीनखाली पसरतं आणि दहा मिनिटांनी निघूनही जातं. चादरी-टॉवेलचं लिंट जास्त, म्हणून नेमकं त्याच धुण्याला दिसतं. तपासायला सोपं आहे. ड्रेन पाइपचं टोक ट्रॅपमधून काढून बादलीत सोडा, पण जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवरच्या बादलीत. टोक खाली ठेवलं तर सायफन होऊन भरलेलं पाणी आपोआप निघून जाईल आणि मशीन भरतच राहील. बादलीचं धुणं कोरडं गेलं तर दोष ट्रॅपचा.

पाइप भिंतीतल्या नळीत घातलेला असेल तर तो हातभर आत ढकलू नका आणि भोवती चिंधी कोंबून हवाबंद करू नका. वीतभर पुरे. हवा मिळाली नाही तरी सायफन होतो.

नळाबद्दल दोन शब्द, इतर वाचणाऱ्यांसाठी. साध्या नळावर चार स्क्रूचं अॅडॉप्टर लावलेलं असतं, त्याचे स्क्रू हादऱ्याने ढिले होतात. ते समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं नाही, तसं केलं की आतलं रबर तिरकं बसतं. पाइपच्या प्लास्टिक नटावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिथे पाणी आट्यांमुळे थांबत नाही, आतल्या रबरी वॉशरमुळे थांबतं. टेपने नट जाड होतो, मग पान्याने जोर लावला की तडकतो. वॉशर नवा टाका, नट हाताने बसवा, वरून पान्याने पाव फेरा, बस्स. टेपची जागा नळ भिंतीत जातो तिथे आहे.

ड्राय बाल्कनी

दोघांचेही आभार. आज सोलापुरी चादर आणि दोन टॉवेल टाकून समोर बसले.

ड्रेन पाइप बादलीत सोडला होता, तरी पाणी आलं, म्हणजे ट्रॅप नाही. पाणी भरताना कागद कोरडा. ड्रम फिरायला लागल्यावर सातव्या-आठव्या मिनिटाला पहिला थेंब. मध्ये ड्रम थांबतो तेव्हा थेंब थांबतात, पुन्हा फिरला की पडतात. स्पिनच्या सुरुवातीला, मशीन हेलकावे खातं तेव्हा, धार लागल्यासारखं. पूर्ण वेगात गेल्यावर काही नाही. पहिला डाग पुढच्या कडेपासून आत साधारण एक वीत, मध्यापासून थोडा उजवीकडे. मागची बाजू कोरडी. घरघर नाही, ड्रम हलत नाही.

सातपूर शिफ्ट

माझं मत अजूनही दाराच्या रबराकडे. जड चादर ओली झाली की दाराच्या काचेवर दाबली जाते, तिची घडी रबर आणि काच यांच्यामध्ये सापडते आणि तेवढ्या फटीतून पाणी येतं. रबर वरून बघून चालत नाही. खालची, घड्याळात ६ वाजतात ती जागा बोटांनी उलटी करून आतली घडी बघा. तिथे पाणी परत जाण्यासाठी बारीक भोकं असतात, ती मशीनचीच आहेत, त्यांना फाटलं समजू नका. पण ब्लाऊजचे हूक, पिना, नाणी तिथेच अडकतात आणि ड्रम फिरताना रबराला चिरतात. चीर वस्तऱ्याने मारल्यासारखी बारीक असते, ताणल्याशिवाय दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च लावून दोन्ही अंगठ्यांनी ताणत पूर्ण गोल फिरा. काचेची बाहेरची कडही पुसा. बोअरच्या पाण्यातला चुना आणि साबण मिळून तिथे खरखरीत कडं तयार होतं, त्यावर रबर टेकत नाही.

चीर सापडली तर फेविक्विक, एम-सील, सायकलचा पंक्चर पॅच यातलं काही लावू नका. रबर दर फेऱ्याला हलतं, पॅच सुटतो आणि थेट पंपात जातो. रबर फिरवून चीर वर नेण्याचा उपायही काही जण करतात. मग पाणी परत जायची भोकंही वर जातात आणि खालच्या घडीत पाणी सडतं. बदलायचंच असतं ते.

पक्कड

सातपूर शिफ्ट यांनी सांगितलेली तपासणी कराच, पाच मिनिटांचं काम आहे. पण डाग एक वीत आत आहे आणि ड्रम थांबला की थेंब थांबतात, यावरून माझा संशय टबाखालच्या बेलो पाइपवर आहे.

कारण असं. आपल्याला दिसतो तो भोकांचा स्टीलचा ड्रम, त्याच्याबाहेर प्लास्टिकचा टब. टब वरून स्प्रिंगांना टांगलेला आणि खालून शॉक अॅब्सॉर्बरवर (हादरे शोषणाऱ्या दांड्यांवर) टेकलेला असतो, म्हणजे तो हलतो. पंप मात्र मशीनच्या तळाला घट्ट बसवलेला. या दोघांमध्ये हार्मोनियमच्या भात्यासारखा घड्यांचा जाड रबरी पाइप असतो, तोच बेलो. ६ वर्षं घड्या उघडमीट करून करून घडीच्या तळाशी रबर थकतं आणि तडा जातो. आतून एखादा स्क्रू किंवा पिन टोचली तरी तेच. हलक्या धुण्याला टब फारसा खाली बसत नाही, तडा मिटलेला राहतो. ओली सोलापुरी चादर पडली की टब खाली दबतो, हेलकावे घेतो, घडी उघडते आणि पाणी येतं. पूर्ण वेगात टब स्थिर होतो आणि तोवर खालचं पाणी पंपाने काढलेलं असतं, म्हणून तेव्हा काही नाही. तुम्ही लिहिलेलं सगळं याच्याशी जुळतं.

दोन्हींतलं कुठलं ते असं ठरवा. ड्रम रिकामा ठेवून कॉटनचा प्रोग्रॅम लावा, पाणी भरून ड्रम दोन-चारदा फिरला की मशीन बंद करून प्लग काढा. दार उघडायचं नाही. १५ मिनिटं तसंच ठेवा आणि कागद बघा. कोरडा असेल तर वरचं झाकण काढा. मागच्या बाजूला दोन स्क्रू असतात, ते काढून झाकण मागे सरकवलं की निघतं. पत्र्याच्या कडा धारदार असतात, हातमोजे घाला. आत टबावर किंवा त्याच्या पुढच्या बाजूला वजनासाठी काँक्रीटचा ठोकळा दिसेल. त्यावर दोन्ही तळहात ठेवून टब तीन-चार सेंटिमीटर खाली दाबा आणि सोडा, असं दहा-बारा वेळा. खाली कोणाला तरी टॉर्च घेऊन बसवा. दाबल्यावर थेंब पडले तर बेलो. ड्रममधलं पाणी या वेळी दाराच्या काठापेक्षा बरंच खाली असतं, त्यामुळे दाराचं रबर इथे गळूच शकत नाही. म्हणून ही तपासणी निर्णायक आहे.

त्याच वेळी शॉक अॅब्सॉर्बरही कळतात. टब दाबून एकदम सोडा. वर येऊन एका हेलकाव्यात थांबला तर ठीक. तीन-चार वेळा वरखाली झाला तर ते गेलेत, आणि ते तसेच ठेवले तर नवा बेलोही वर्षा-दोन वर्षांत फाटेल.

रोडकर

मध्येच विचारतो, माफ करा. आमचं सेमी ऑटोमॅटिक आहे. धुवायच्या टबातलं पाणी हळूहळू आपोआप निघून जातं, ड्रेन पाइपच्या तोंडाशी सतत बारीक धार. आणि स्पिन लावलं की खाली थोडं पाणी. दोन वेगळे दोष आहेत का?

नळजोड

हो, वेगळे. पहिल्यात ड्रेन व्हॉल्व्ह बसत नाही. टबाच्या बाजूची जाळीदार पट्टी काढली की खाली व्हॉल्व्हचं गोल झाकण दिसतं. ते फिरवून काढा, आत स्प्रिंग आणि भोंग्यासारखं रबर असतं. त्याच्या टेकायच्या कडेला हमखास दोरा, पिन नाहीतर बटण सापडतं. पुसून परत बसवा, कड कडक झाली असेल तर रबर बदला, स्वस्त पार्ट आहे. रबराला बांधलेली पट्टी किंवा दोरी ताणलेली राहिली तरी व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो, तेही बघा.

दुसऱ्यात स्पिनच्या डब्याच्या दांड्याभोवतीचं सील. ते लवकर करून घ्या. त्याच्या बरोबर खाली स्पिनची मोटर आहे, पाणी थेट तिच्यावर टपकतं. तोपर्यंत स्पिन वापरू नका.

ड्राय बाल्कनी

दाराचं रबर उलटं करून पूर्ण तपासलं. एक हेअरपिन निघाली, चीर कुठेच नाही. काच व्हिनेगरने पुसली.

मग पाणी भरून ठेवलं. १५ मिनिटं कागद कोरडा. झाकण काढून ठोकळा दाबला, तिसऱ्या दाबाला थेंब. यजमानांनी पुढच्या खालच्या पट्टीतून टॉर्च मारला तर बेलोच्या दुसऱ्या घडीवरून पाणी ओघळताना दिसलं. टब एका हेलकाव्यात थांबतो.

बदलायचा कसा, क्रम सांगाल का? आणि दुकानात काय मागायचं?

पक्कड

दुकानात ‘टब टू पंप बेलो’ मागा, मॉडेल नंबरवरूनच. नंबर दाराच्या आतल्या चौकटीवर किंवा मागच्या स्टिकरवर असतो, त्याचा फोटो काढून न्या. जमलं तर जुना पाइप काढून सोबत न्या. तोंडांचे व्यास आणि वाक मॉडेलनुसार बदलतात, ‘यात बसून जाईल’ म्हणून दिलेला पाइप ओढून बसवलेला असतो आणि ताणामुळे लवकर फाटतो. दोन नवे क्लॅम्पही घ्या.

कामाचा क्रम. प्लग काढा, नळ बंद, पाण्याचा पाइप सोडवा. पुढच्या खालच्या झडपेमागे पंपाचा फिल्टर आहे. तिथे बारीक आपत्कालीन नळी असेल तर आधी तिच्यातून पाणी काढा, नसेल तर बसकी परात लावून फिल्टर डावीकडे हळूहळू ढिला करा. तुम्ही गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावला असेल तर आधी गार होऊ द्या. फिल्टर पूर्ण काढून आत बोट घाला, ज्या स्क्रूने पाइप फाटला तो कदाचित तिथेच असेल.

पुढची खालची पट्टी काढून हात पोचत असेल तर उत्तम. नाहीतर मशीन कलंडवावं लागतं. फ्रंट लोड ६०-७० किलोचं असतं, एकट्याने करू नका. जाड गोधडी पसरून दोघांनी मागच्या बाजूवर अलगद झोपवा. त्याआधी साबणाचा खण काढून ठेवा, त्यात पाणी असतं आणि ते विजेच्या भागांवर जातं.

खोलण्याआधी फोटो काढा. मोठा क्लॅम्प टबाच्या तोंडावर, लहान पंपावर. स्प्रिंगचा क्लॅम्प असेल तर त्याचे दोन कान पकडीने दाबून मागे सरकवा. दोन गोष्टी इथे चुकतात. पहिली, काही मॉडेलच्या बेलोमध्ये प्लास्टिकचा पोकळ चेंडू असतो. तो कचरा नाही. साबणाचं पाणी पंपाच्या खड्ड्यात फुकट जाऊ नये म्हणून असतो, नव्या पाइपात तो परत घालायचा. दुसरी, काही बेलोंना बाजूने हवेची बारीक नळी जोडलेली असते, ती वर प्रेशर स्विचकडे जाते. मशीनला पाण्याची पातळी तिच्यातूनच कळते. ती ढिली राहिली किंवा दुमडली तर मशीन नको तेवढं पाणी भरेल, आणि तुम्हाला वाटेल नवा पाइपच गळतोय.

टबाचं आणि पंपाचं तोंड फडक्याने कोरडं, साफ करा. चुन्याचा थर असेल तर खरवडा, पण चाकूने ओरखडे पाडू नका. पाइप चढत नसेल तर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब पुरे, तेल किंवा ग्रीस लावू नका, रबर फुगतं. पाइपवर खूण असते ती टबावरच्या खुणेसमोर येऊ द्या, म्हणजे पीळ पडत नाही. सिलिकॉन लावायची गरज नाही.

फिल्टर परत लावताना त्याची ओ-रिंग (गोल रबरी कडी) आणि आटे पुसा. एक दोरा जरी अडकला तरी तिथून थेंब सुरू होतो.

नळजोड

बेलो काढलाच आहे तर जुन्यावर बाहेरून कुरतडल्याच्या खुणा आहेत का बघा. तडा घडीच्या रेषेत सरळ जातो, उंदराचे दात वेडेवाकडे आणि जोडीने असतात. तसं असेल तर मशीनखाली बारीक जाळी लावा, नाहीतर नवा पाइपही टिकणार नाही. चौथ्या मजल्यावरही ते ड्रेनेजच्या पाइपाने येतात.

आणि पाण्याचा पाइप सोडवलाच आहे, तर इनलेटची जाळीही ओढून धुऊन घ्या. पावसाळ्यात गोदावरीला गढूळ पाणी आलं की टाकीच्या तळातला गाळ ढवळतो, तो तिथेच अडकतो. जाळी फाटलेली असेल तर बदला. गाळ व्हॉल्व्हमध्ये गेला तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि मशीन बंद असतानाही आत थेंब थेंब भरत राहतं. ओळखायचं असेल तर प्लग काढून, नळ चालू ठेवून रात्रभर सोडा. सकाळी ड्रममध्ये पाणी दिसलं तर व्हॉल्व्ह.

ड्राय बाल्कनी

बेलो बदलला, पट्टीतूनच हात पोचला. आमच्या पाइपात चेंडू होता, तो घातला. जुन्याच्या दुसऱ्या घडीत सरळ तडा, उंदराच्या खुणा नाहीत. फिल्टरमागे लाकडाचा एक स्क्रू सापडला. रिकाम्या मशीनचा एक फेरा कोरडा, मग सोलापुरी चादर टाकून पूर्ण धुणं, वर्तमानपत्र कोरडं.

सातपूर शिफ्ट

माझा अंदाज चुकला, पक्कडचा बरोबर निघाला. दाबून बघायची युक्ती लक्षात ठेवली. ताई, कागद अजून चार-पाच धुण्यांसाठी राहू द्या. नवं रबर बसताना क्लॅम्प किंचित ढिला पडतो. स्क्रूचा क्लॅम्प असेल तर आठवड्याने एकदा पाव फेरा आवळा. आणि सोलापुरी चादर एकटी टाकू नका, गोळा होऊन एका बाजूला बसते आणि टब जास्त हेलकावतो. सोबत दोन-तीन लहान कपडे टाका.